हात लावू नये

विमानतळावर उभं करायच्या शिल्पाचं काम आमच्या कारखान्याला मिळालं, तेव्हा दादानं साऱ्या आशागड गावात पेढे वाटले. मी म्हटलं होतं, आधी काम तर पुरं होऊ दे. पण ऐकेल तो दादा कसला! वडिलांच्या मागे आम्ही दोघं भावंडं गणपतीचा कारखाना चालवतो. माती, साचे आणि ओतकाम त्याचं. रंग, आखणी आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते शेवटी करायचं असतं आणि त्याला हात स्थिर लागतो. भांडायला तसं काही लागत नाही. मी तोंडाळ आहे, हे डहाणू रोड स्टेशनपासून रानशेतपर्यंत कुणालाही विचारा.

काम आणलं ते मुंबईच्या एका सल्लागार बाईंनी. विमानतळाच्या नव्या टर्मिनलमध्ये कुठल्या भिंतीवर काय लावायचं, कुठल्या कोपऱ्यात काय उभं करायचं, हे ठरवायला त्यांना नेमलं होतं. त्यांना हव्या होत्या फेर धरून नाचणाऱ्या अकरा बायका, माणसाएवढ्या उंच, फायबरच्या, वरून काशाचा रंग दिलेल्या. ‘ती दोन त्रिकोणांची, काडीच्या हातापायांची माणसं मला नकोत,’ त्या म्हणाल्या. ‘ती आता पडद्यांवर आणि साबणाच्या खोक्यांवरही असतात. मला इथल्या खऱ्या बायका पाहिजेत. चेहऱ्यासकट खऱ्या.’ बाई मला आवडल्या. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलाही वाटलं की वर्षानुवर्षं गणपती केले, आता एकदा माणसं करून बघू.

खरा चेहरा म्हणजे माणसाच्या तोंडावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या बसवून त्याचा साचा घ्यायचा, हातापायांचाही तसाच. त्यासाठी आम्ही तलासरीकडच्या एका पाड्यावर गेलो. तिथल्या बायकांचा फेरातला नाच सल्लागार बाईंनी कुठल्याशा कार्यक्रमात पाहिला होता. थंडीचे दिवस होते. एका अंगणात खाट टाकली, बादलीत कोमट पाणी, शेजारी प्लास्टरच्या पट्ट्या, भुवयांना आणि पापण्यांना लावायला व्हॅसलीन. एकेक बाई आडवी व्हायची, बाकीच्या भोवती उभ्या राहून तिची टिंगल करायच्या. ‘अगं, आता तरी हिचं तोंड बंद राहील!’ म्हणून नुसता हशा.

त्यातली एक मुलगी विशीतली होती. लग्न झालेलं नव्हतं. अच्छाडला हायवेवरच्या एका ढाब्यावर पोळ्या लाटायला जायची. तिच्याबरोबर तिची आई आली होती. काचबिंदूनं आईची नजर गेली, तेव्हा पोर अजून शाळेत होती. वडील त्याच्याही आधी वारलेले. घरात ह्या दोघीच. मुलगी खाटेवर आडवी झाली तशी आई पायथ्याशी बसली आणि तिनं मुलीचा अंगठा धरून ठेवला.

‘बाय, हिचं नाक जपून,’ ती मला म्हणाली. ‘बापाचं नाक हाय. मधीच वर आलंय बघ. लोकांना आवडत नाय, मला आवडतं.’

पट्ट्या चढल्या. आता मुलीला डोळे उघडता येईनात, बोलता येईना. नाकपुड्यांच्या भोकांतून काय तो श्वास. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की गरम होतं, माणूस घाबरतो. ती हातपाय हलवायला लागली. आई खाली वाकून म्हणाली, ‘थोडा वेळ माझ्यासारखी राहा गं. काय होत नाय.’ आणि अंधारात बसायची सवय कशी करायची, हे ती तिला समजावत राहिली. मी पट्ट्या दाबत होते आणि डोळे बाहीला पुसत होते. मी फटकळ बाई, पण मला रडायला फार वेळ लागत नाही.

साचा सुटला तेव्हा आईनं मुलीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं आणि मग दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. कपाळ, भुवया, ते नाक, ओठ, हनुवटी. सगळं जागेवर आहे ना, असं. ‘रोज करते ही असं,’ मुलगी लाजून म्हणाली. ‘ढाब्यावरून आले की आधी तोंड तपासते. कुणी बदलून पाठवलीय का म्हणून.’ आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

कारखान्यात आणून दादानं त्या साच्यांतून प्लास्टरचे अकरा चेहरे काढले आणि फळीवर ओळीनं मांडले. दादाचा हात चांगला आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण असा चेहरा नेहमी मिटलेलाच निघतो. पापण्या बंद, ओठ बंद, आणि ओल्या प्लास्टरच्या वजनानं गाल खाली ओढलेले. डोळे मागाहून उघडायचे असतात, मातीत. ते आम्ही सांगितलंही होतं. पण सल्लागार बाईंच्या वर एक समिती होती. ती पाहणीला आली आणि तिच्यातले एक साहेब फळीसमोर उभे राहून म्हणाले, ‘ह्या बायका झोपल्यात की गेल्यात?’

बाकीचे हसले. मग गंभीर होऊन त्यांनी आम्हाला समजावलं की प्रवासी सुट्टीला निघालेला असतो, लेकराबाळांना घेऊन आलेला असतो, त्याला असं काही बघायला मिळू नये. चेहरे प्रसन्न हवेत. सल्लागार बाई पुष्कळ भांडल्या, त्यांचा आवाजसुद्धा चढला. पण समितीपुढे त्यांनीही हात टेकले.

आता प्रसन्न म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं ठरवावं. दादाच्या डोक्यात प्रसन्न म्हटलं की एकच चेहरा येतो, गौरीचा. वडिलांच्या वेळचा गौरीच्या मुखवट्याचा साचा आमच्याकडे आहे. गोल गाल, टपोरे डोळे, ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. भाद्रपदात त्याला फार मागणी असते. दादानं त्यात एक चेहरा ओतला, नमुना म्हणून एका धडावर बसवला आणि फोटो पाठवून दिला. समिती खूश! हाच हवा, अकराच्या अकरा असेच करा, असा निरोप आला. मी दादाला म्हटलं, ‘अरे, गौरी घराघरांत बसवायच्या, त्या नाचायला कशाला उभ्या करतोस? आणि त्या बायकांना काय सांगणार?’ तो म्हणाला, ‘हात त्यांचे आहेत, पाय त्यांचे आहेत. चेहऱ्याचं कोण बघतंय?’ मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण कामाचा रेटा होता, गणपतीही तोंडावर आले होते. पाड्यावर जाऊन हे कुणी सांगितलं नाही.

शिल्प गेलं आणि मागोमाग आणखी एक निरोप आला. करारात एक कलम होतं की ह्या कामाचे साचे, नमुने, जे काही असेल ते सगळं मोडून टाकायचं. ह्याची दुसरी प्रत कुठे निघता कामा नये. आणि मोडतानाचा व्हिडिओ पाठवायचा. दादानं मोबाइल उलट्या बादलीला टेकवून ठेवला आणि फळीवरचे चेहरे एकेक करून जमिनीवर घेतले. मी आत आखणीला बसले होते. हातोडीचा आवाज येत होता. मी आतून ओरडले, ‘बाहेर जाऊन कर, माझा हात हलतोय.’ तेव्हा ती मुलगी जिवंत होती, ढाब्यावर पोळ्या लाटत होती. तेव्हा ते नुसतं प्लास्टर होतं.

पाऊस संपत आला होता तेव्हा ती गेली. संध्याकाळी ढाब्यावरून सुटून हायवे ओलांडत होती. अच्छाडच्या नाक्याकडे जाणारा कंटेनर. ह्याहून जास्त मला सांगवत नाही आणि सांगण्यासारखं काही राहिलंही नव्हतं. आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा तिला दवाखान्यातून आणलेलं होतं. पांढऱ्या कापडात डोक्यापासून पायापर्यंत घट्ट बांधलेलं, सुतळीचे वेढे घातलेले. आई तिच्या तोंडाकडे हात नेत होती आणि माणसं तिचे हात बाजूला घेत होती. ‘नको मावशी, नको. उघडायचं नाय म्हणून सांगितलंय.’ ती पुन्हा हात नेई, माणसं पुन्हा बाजूला घेत. ओरडत नव्हती, भांडत नव्हती, नुसते हात पुढे नेत होती. शेवटी दोघांनी तिची मनगटं धरून ठेवली आणि मुलीला उचललं.

पुढे महिन्याभरानं ती कारखान्यात आली. शेजारच्या बाईनं तिला रिक्षातून उतरवलं, दारापर्यंत आणलं. मी चहा ठेवला. तिनं कप हातात घेतला नाही.

‘बाय, माझ्या पोरीचं तोंड तुमच्याकडं हाय,’ ती म्हणाली. ‘मला एकदा हात लावू दे. मग मी काय मागणार नाय.’

फोटो होते तिच्याकडे, मुलीच्या मोबाइलमध्ये, शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये. ते तिच्या काय कामाचे? पाड्यावरच्या बायका तिला वर्णन करून सांगायच्या म्हणे, फोटोत ती कशी हसतेय वगैरे. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाला, ‘मावशी, इथं नाही आता. विमानतळावर आहे. तिथं उभी आहे तुमची मुलगी.’

आणि ती बाई हसली हो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली असणार. ‘म्हणायचीच ती,’ म्हणाली, ‘आये, मी विमानतळावर उभी राहणार, असं. मग मला तिथं ने, दादा.’

ती गेल्यावर मी दादाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो खाली मान घालून ऐकत होता. त्याला वाटलं होतं की विमानतळ लांब, आत जायला तिकीट लागतं, हळूहळू ती विसरेल. आई विसरेल म्हणे! ती दर आठवड्याला यायला लागली. दारातल्या पायरीवर बसायची आणि विचारायची, ‘कधी जायाचं?’ मी दर वेळी दादाकडे बघायची आणि तो साच्यात डोकं घालायचा. ‘तू सांगणार की मी सांगू?’ मी विचारायची. ‘घोळ मी घातलाय, मीच निस्तरतो,’ तो म्हणायचा. ‘माझ्या तोंडानं सांगतो. मला थोडा वेळ दे.’

वेळ घेऊन त्यानं काय केलं, तर सल्लागार बाईंना फोन. मुलगी गेली, ही आंधळी आई तिच्या चेहऱ्याला हात लावायला आत यायचं म्हणते, पण तुमच्याकडे परवानगी मिळत नसेल ना? त्या नाही म्हणतील आणि आपण सुटू, हा त्याचा हिशेब. त्या फोनवरच रडायला लागल्या. खरंच रडल्या, मी ऐकलं. अजून लोकार्पण व्हायचंय, मी पास काढते, गाडी आत घेता येईल असं बघते, तुम्ही त्यांना घेऊन याच, म्हणाल्या. चेहरे बदलले होते, हे त्यांच्या त्या क्षणी डोक्यातही आलं नसावं. आणि दादाच्या तोंडून ते निघालं नाही.

‘आता सांग,’ मी त्याला म्हटलं. ‘आजच्या आज पाड्यावर जा आणि सांग.’

तेव्हा त्यानं मनातलं बाहेर काढलं. गाडी पुसायचं फडकं हातात धरून, अगदी समजूतदारपणे. ‘हे बघ. गौर म्हणजे कोण? माहेरी आलेली लेकच ना? घरोघर बायका तिच्या तोंडावरून हात फिरवतात, आली गं माझी लेक म्हणतात, रडतात. तिथं कोण विचारतं चेहरा कुणाचा म्हणून? मी मावशीचा हात धरून एका चेहऱ्यावर ठेवीन आणि म्हणेन, ही. तिचं समाधान होईल. तिला तरी कुठं दिसतंय?’

‘तिला दिसत नाही म्हणूनच तिला कळणार, मूर्खा!’ मी ओरडले. पण तो बिचारा मनापासून बोलत होता. आयुष्यभर गौरी घडवलेल्या माणसाला ह्यात काही वावगं दिसतच नव्हतं. मी पाड्यावर निघाले, तर त्यानं माझा हात धरला. ‘गाडीत सांगतो. वाटेत सांगतो. शपथ.’ मी त्याच्यावर विश्वास ठेवला. लहान बहीण आहे मी त्याची.

त्या दिवशी तिनं नवं लुगडं नेसलं होतं. केसांना तेल लावून वेणी घातली होती. गाडीत ती मागे माझ्याजवळ बसली. मांडीवर एक डबा होता, त्यात तांदळाची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी. पोरीला आवडायची, म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, खुळीच मी, तिथं कोण खाणार. दादा पुढे ड्रायव्हरशेजारी. मी त्याच्या पाठीत बोट खुपसलं, तो पुढेच बघत राहिला. एक ढाबा गेला, दुसरा गेला. मी दोन वेळा ‘मावशी’ म्हणून सुरुवात केली. दोन्ही वेळा दादानं मागे वळून डोळ्यांनी मला विनवलं. आणि ती आपली सांगत होती, पोरीच्या लहानपणचं, बापाच्या नाकाचं.

टर्मिनल म्हणजे काय सांगू! कुठं पाऊल ठेवावं कळू नये असली गुळगुळीत फरशी. मावशीनं चपला काढून हातात घेतल्या. गेटवर जवानानं पास तपासले, आधार कार्ड तपासलं, डबा उघडून हुंगला आणि बाजूला ठेवून घेतला. आत सल्लागार बाई उभ्या होत्या. त्यांनी मावशीचे दोन्ही हात हातांत घेतले. बरोबर एक फोटो काढणाराही आणला होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चार पावलं मागेच राहिला.

शिल्प खांबांच्या मधोमध उभं होतं. दिवे सोडले होते वरून. दिसत होतं सुंदर, ते नाकारण्यात अर्थ नाही. भोवती चकचकीत खांब, त्यांना लाल पट्टा, आणि तीन भाषांत पाटी, कृपया कलाकृतीला हात लावू नये. सल्लागार बाईंनी स्वतःच्या हातानं पट्टा सोडला. ‘या आई,’ त्या म्हणाल्या. दादा पुढे झाला, मावशीचं मनगट धरलं आणि तिचा हात एका चेहऱ्यावर ठेवला. ‘ही,’ तो म्हणाला.

तिनं चपला खाली ठेवल्या आणि दोन्ही हात लावले. कपाळ. भुवया. नाकाशी बोटं थांबली. नाकावरून ती दोनदा खाली उतरली, दोनदा वर गेली. मग ओठ, हनुवटी. ‘ही नाय,’ ती दादाला म्हणाली. ‘चुकलास तू. कुठली ते सांग.’

ती बाजूला सरकली, चाचपत पुढच्या बाईपाशी गेली. तिचा चेहरा पाहिला. मग पुढची. मग त्याच्या पुढची. नाचाच्या फेरातून ती एकेका तोंडाला हात लावत जात होती आणि आम्ही तिघं खांबासारखी उभी. सल्लागार बाईंना तेव्हा आठवलं असावं. त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला.

निम्म्या फेरात मावशी थांबली. ‘ह्या समद्या एकाच आईच्या,’ ती म्हणाली. ‘ही गौर हाय. गौरीला मी वळखत नाय होय? गौर येते दर साली. माझी कुठं हाय?’

मी दादाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मग मी पुढे गेले, तिच्याजवळ उभी राहिले आणि सगळं सांगितलं. की त्यांना प्रसन्न चेहरे हवे होते. की पोरीचा चेहरा इथं कधी आलाच नाही. की आमच्याकडेही तो आता नाही, कारण सगळं मोडून टाकायचं, असं कागदावर होतं. माझा आवाज त्या हॉलमध्ये घुमत होता. मी रडत नव्हते, माझा नुसता संताप होत होता, दादावर, समितीवर, माझ्यावर, त्या हसऱ्या गौरींवर.

ती ऐकत होती. मान जराशी कलती, नेहमीसारखी. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, ‘मोडलं ते कशानं?’

‘हातोडीनं,’ मी म्हटलं.

‘तोंडावर?’

मी म्हटलं, ‘हो मावशी. तोंडावर.’

तिनं दोन्ही हात हळूच लुगड्याला पुसले, जसे काही ते कशानं तरी माखले होते.

‘म्हंजे दोनदा,’ ती म्हणाली.